विठोबाची दिनचर्या

पंढरपूरचे नित्योपचार समजायला एक सूत्र पुरते : विठोबा हा घरातला मानाचा माणूस. त्याला वेळेवर उठवायचे, न्हाऊ-जेवू घालायचे, रात्री निजवायचे.

पहाटे चारच्या सुमारास गाभारा उघडतो. रात्रीचे निर्माल्य उतरवून लोणी-खडीसाखर दाखवतात आणि काकडा, म्हणजे तुपात भिजवलेली कापडाची जाड वात, ओवाळतात. लगेच नित्यपूजा. आधी पाय धुतात. मग दूध, दही, तूप, मध, साखर आणि शेवटी कोमट पाणी. अंग टिपून वस्त्रे, कपाळी गंध, गळ्यात तुळशीची माळ. सगळे आवरले की देवाला आरसा दाखवतात.

पूर्वी यातल्या एकेका कामाचे मानकरी घराणे ठरलेले होते. बेणारी मंत्र म्हणत, पूजा पुजाऱ्यांची, पाणी परिचारकांचे, पदे हरिदासांची, आरसा डिंगऱ्यांचा, मशाल दिवट्यांची, चांदीची काठी डांग्यांची. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर हे वंशपरंपरागत हक्क संपले. आता मंदिर समितीने नेमलेली माणसे ही सेवा करतात.

दुपारच्या आत महानैवेद्य होतो. तुळशीपत्र ठेवल्याशिवाय ताट देवापुढे जात नाही. चारनंतर पोशाख बदलतात, संध्याकाळी धूपारती, रात्री उशिरा शेजारती. शेजघरापर्यंत पायघड्या अंथरतात आणि देव पलंगावर निजला असे मानून दार लावतात.

ऋतूही यात मोजला जातो. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत उन्हाळ्यात अंगाला चंदनाची उटी लावतात.

इथे पायांना हात लावून दर्शन घेता येते. शतकानुशतकांच्या स्पर्शाने आणि अभिषेकांनी पाषाण झिजतो, म्हणून मूर्तीला अधूनमधून वज्रलेप, म्हणजे झीज रोखणारा लेप, करावा लागतो. पंचामृताचा वापरही त्यामुळेच जपून होतो.

आषाढी आणि कार्तिकीला मात्र ही घडी मुद्दाम मोडतात. वारकऱ्यांना रात्रंदिवस दर्शन मिळावे म्हणून पलंग काढतात. काकडा, पोशाख, धूपारती, शेजारती बंद. नित्यपूजा आणि महानैवेद्य तेवढे चालू. उभ्या देवाला टेकायला पाठीशी लोड देतात. वारी सरली की प्रक्षाळपूजा होते : मंदिर धुतात, देवाला ऊन पाण्याने न्हाऊ घालतात, शीण जावा म्हणून रात्री औषधी काढा देतात. त्या रात्रीपासून शेजारती पुन्हा सुरू.