दोन संग्रहांमधली सव्वीस वर्षं

1977 साली प्रास प्रकाशनानं एक कवितासंग्रह काढला. नाव होतं 'अरुण कोलटकरच्या कविता'. कोलटकरांच्या नव्हे, कोलटकरच्या. मराठीत कवीला मखरात बसवायची जुनी सवय आहे, आणि इथे पुस्तकाच्या नावातच त्याला एकेरीत, मित्रानं हाक मारावी तसं बोलावलेलं. ती हाक प्रासचे प्रकाशक अशोक शहाणे यांची आहे, असं मला नेहमी वाटत आलं आहे. त्यानंतरचा कोलटकरांचा मराठी संग्रह हातात यायला 2003 उजाडलं.

या सव्वीस वर्षांकडे मागे वळून बघताना मला कवीइतकाच प्रकाशक दिसतो. दोघंही लघुनियतकालिकांच्या चळवळीतले. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांनी 'शब्द' सायक्लोस्टाइल करून काढलं. साठच्या आसपास शहाण्यांचं 'अथर्व' आलं. 1963 मध्ये शहाण्यांनी आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण टाकणारा लेख लिहिला आणि प्रस्थापितांना अस्वस्थ केलं. पण नुसता राग धरून बसणारा हा माणूस नव्हता. आपल्याला हवं तसं पुस्तक कुणी काढत नसेल तर ते आपणच काढावं, इतका साधा त्याचा हिशेब. प्रास म्हणजे यमक. यमकाला सहसा न जुमानणाऱ्या कवीच्या प्रकाशनाचं हे नाव!

त्याच सुमाराला इंग्रजीतही असंच काही घडत होतं. 1976 मध्ये कोलटकर, आदिल जस्सावाला, अरविंद कृष्ण मेहरोत्रा आणि गिव्ह पटेल या चार कवींनी मिळून 'क्लिअरिंग हाउस' हे प्रकाशन सुरू केलं. त्यातून कोलटकरांची 'जेजुरी' आली आणि 1977 मध्ये तिला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. पुस्तकांची वेष्टणं कोलटकर स्वतः करत, कारण पोटापाण्याचा त्यांचा धंदा जाहिरातीतल्या कलादिग्दर्शकाचाच. अक्षर कुठे बसवायचं, कोरी जागा किती सोडायची, हे त्यांच्या हातात होतं. कवितेच्या ओळीतही तीच नजर आहे, असं मी मानतो.

पुरस्कारानंतर एखाद्यानं लागोपाठ चार संग्रह काढले असते. कोलटकरांनी काढले नाहीत. प्रभादेवीच्या एका खोलीत, फोनशिवाय ते राहिले. दुपारी काळा घोड्याच्या 'वेसाइड इन'मध्ये बसून समोरचा तिठा पाहत राहिले. आम्ही वाचकांनी मात्र मनाशी ठरवून टाकलं होतं की कवी आटला. ती आमची चूक होती, आणि तिची मला आजही टोचणी आहे. लिहिणं चालू होतं, छापणं थांबलं होतं, एवढंच. एखादी दीर्घ कविता पुरती व्हायला किती काळ लागतो, याचा निर्णय त्यांनी ना बाजारावर सोडला ना वाचकांवर.

मग सगळं एकदम आलं. आजारपण आलं आणि त्यासोबत 'चिरीमिरी', 'भिजकी वही', 'द्रोण'. 2004 मध्ये इंग्रजीतली 'काला घोडा पोएम्स' आणि 'सर्पसत्र'. सगळी प्रासचीच. 'भिजकी वही' मी पहिल्यांदा उचलली तेव्हा तिच्या वजनानं दचकलो होतो. भिजलेली नव्हे, भिजकी, दप्तरातल्या वहीसारखी. आत जगभरच्या रडणाऱ्या बाया: वेदातली अपाला, तमिळ कण्णगी, बसऱ्याची राबिया, अलेक्झांड्रियाची हायपेशिया, नवऱ्याच्या कविता पाठ करून जपणारी नादेज्दा मांडेलश्टाम, व्हिएतनामची किम. इतक्या दूरदूरच्या बायांना त्यांनी बोलक्या, घरगुती मराठीत आणलं. हे सव्वीस वर्षांच्या वाचनाशिवाय झालं नसतं. कण्णगीचा शोक मराठीत उतरवायचा तर आधी तिच्यापाशी बसावं लागतं, आणि बसायला वेळ लागतो.

25 सप्टेंबर 2004 रोजी कोलटकर गेले. 'भिजकी वही'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो त्यांच्या पश्चात, 2005 साली.

प्रकाशनाचं आजचं चित्र मात्र वेगळं आहे. हजार-अकराशे प्रतींची आवृत्ती हा मराठीतला जुना रिवाज; आता अनेक पुस्तकं दोन-तीनशे प्रतींवरच निघतात. पैसे लेखकाकडूनच घेणारेही पुष्कळ आहेत. पुस्तक प्रदर्शनाच्या आधी यायलाच हवं म्हणून संहिता आठवड्यात उरकली जाते, आणि मुद्रितशोधनाला कुणाकडे सवड नसते. मी स्वतः अशा घाईत एक पुस्तक छापून घेतलं आहे आणि त्यातल्या चुका आजही माझ्या डोळ्यांसमोर येतात. अशा वेळी शहाण्यांची आठवण फार होते. कवी म्हणेल तेव्हा छापायचं, तोवर थांबायचं. छापताना मात्र एक वेलांटीही चुकू द्यायची नाही, असा त्यांचा खाक्या.

2011 मध्ये प्रासनं आणखी एक पुस्तक काढलं. मराठी 'जेजुरी', कोलटकरांनी स्वतः लिहून ठेवलेली. इंग्रजी 'जेजुरी'नंतर पस्तीस वर्षांनी, कवी जाऊन सात वर्षं झाल्यावर.