स्मृतिभ्रंश झालेल्या वडीलधाऱ्यांना लुंबिनीला नेताना

आपल्या शहरातून दरवर्षी अनेक कुटुंबे धम्मयात्रेला जातात. बोधगया, सारनाथ, कुशीनगर ही स्थळे भारतातच आहेत. परंतु लुंबिनी नेपाळात असल्याने तेथील भेट हाच अनेकांच्या आयुष्यातील एकमेव परदेश प्रवास असतो. 'एकदा लुंबिनी पाहायची' ही इच्छा मनाशी धरून कष्ट केलेली पिढी आता ऐंशीच्या घरात आली आहे. त्यांपैकी काहींना स्मृतिभ्रंश, म्हणजेच डिमेन्शिया, जडला आहे. अशा आईवडिलांना न्यावे की नाही आणि न्यायचे तर कसे, याचा येथे विचार करू.

आजार कोणता?

आपल्याकडे याला 'म्हातारचळ' म्हणून सोडून देतात. पण हा मेंदूचा आजार आहे. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी 1906 साली प्रथम मांडला. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात साठीपुढील सुमारे 7.4 टक्के लोकांना, म्हणजे जवळजवळ 88 लाख वृद्धांना, स्मृतिभ्रंश आहे. यात बहुधा जुन्या आठवणी बराच काळ टिकतात. नवीन गोष्ट मात्र मनात ठरत नाही. घरातला रोजचा क्रम हीच अशा माणसाची काठी असते. प्रवासात ती काठीच काढून घेतली जाते. नवी खोली, नवे न्हाणीघर, अनोळखी चेहरे यांनी तो गोंधळतो आणि दिवस मावळताना बेचैनी वाढते.

न्यावे की नाही?

प्रथम डॉक्टरांना विचारावे. रुग्ण घरच्यांना ओळखत असेल, रात्री झोपत असेल आणि गाडीत शांत बसत असेल, तर विचार करण्यास हरकत नाही. घरातून निघून जाणे, रात्रभर जागणे, अंगावर धावणे असे होत असेल तर लांबचा प्रवास टाळावा.

आधी जवळची एक फेरी करून पाहावी. वेरूळ तीस किलोमीटरवर आहे. अजिंठ्याला जाऊन एक रात्र मुक्काम करता येतो. वेरूळ मंगळवारी आणि अजिंठा सोमवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. माझ्या आईला आम्ही वेरूळच्या दहाव्या लेण्यात नेले. सकाळी काय खाल्ले ते तिला आठवत नव्हते, परंतु वंदना सुरू होताच ती शेवटच्या शब्दापर्यंत सर्वांबरोबर म्हणत राहिली.

आखणी

दहा-बारा दिवसांत सात-आठ स्थळे आणि रोज नवा मुक्काम, हा नेहमीचा कार्यक्रम अशा माणसाला झेपत नाही. गोरखपूरला एकाच खोलीत मुक्काम ठेवावा आणि कुशीनगर व लुंबिनी ही दोनच स्थळे करावीत. मनमाडहून गोरखपूरच्या गाड्या मिळतात. खालचा बर्थ आधीच घ्यावा. उन्हाळा आणि बुद्धपौर्णिमेची गर्दी टाळावी. डिसेंबर-जानेवारीत त्या भागात दाट धुके पडून गाड्या रखडतात. म्हणून नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी अखेर बरी. घरची चादर, नेहमीचा पेला आणि ओळखीचा फोटो बरोबर घ्यावा. सोबत किमान दोन माणसे हवीत. एक तिकिटासाठी रांगेत असताना दुसऱ्याने रुग्णाचा हात सोडू नये.

कागदपत्रे आणि पैसा

नेपाळसाठी भारतीयांना व्हिसा लागत नाही. प्रौढांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. पासष्टच्या पुढील व्यक्तीला आधार कार्डही चालते. तरी निघण्यापूर्वी नियमांची पुन्हा खात्री करावी. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी एकशेसाठ होतात. शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. भारतीय मोबाइलला तेथे रोमिंग लागते. प्रवास विमा घेताना आधीपासूनच्या आजाराविषयीची अट वाचूनच सही करावी. गोळ्या मूळ पाकिटातच, दोन ठिकाणी विभागून आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्याव्यात.

सीमेवर आणि लुंबिनीत

गोरखपूरपासून सोनौली सुमारे शंभर किलोमीटर आहे आणि तेथून लुंबिनी पंचवीस-तीस. सोनौलीला ट्रक, रिक्षा आणि माणसांची दाटी असते आणि सीमा खुली आहे. येथे माणूस चुकला तर शोध दोन देशांत घ्यावा लागेल. म्हणून सदऱ्याच्या किंवा झंपरच्या आत नाव, आजार आणि दोन मोबाइल क्रमांक लिहिलेली कापडी पट्टी शिवून घ्यावी. नेपाळीचीही लिपी देवनागरी असल्याने हिंदीत लिहिलेली पट्टी तेथे वाचता येते. रोज सकाळी त्या दिवसाच्या कपड्यांत रुग्णाचा एक फोटो काढावा.

लुंबिनीचा परिसर जवळजवळ पाच किलोमीटर लांब आहे. सर्व देशांचे विहार पाहण्याचा हट्ट नको. सकाळी मायादेवी मंदिर आणि अशोकस्तंभ पाहावा, सावलीत बसावे आणि दुपारी परत फिरावे. मंदिरात चपला बाहेर काढाव्या लागतात. त्या वेळी रुग्ण गोंधळतो. 'आई, आता चपला काढू' असे आधी सांगून मग हात लावावा. घड्याळ भारतापेक्षा पंधरा मिनिटे पुढे असले तरी गोळ्या घरच्याच वेळेला द्याव्यात.

काय उपयोग?

'तिला काही आठवणारच नाही, मग नेऊन काय उपयोग?' असे नातेवाईक विचारतात. उत्तर असे की, स्थळाचे नाव विसरले तरी त्या दिवशी लाभलेले समाधान खोटे ठरत नाही. त्याच वेळी, केवळ आपली कर्तव्यपूर्ती व्हावी म्हणून थकलेल्या जिवाला ओढत नेणे हीही सेवा नव्हे. अर्ध्या वाटेवरून परतावे लागले तरी परतावे. ज्यांना लुंबिनी झेपणार नाही, त्यांना वेरूळच्या लेण्यात आपल्या माणसांत बसून वंदना म्हणता आली, तर तीही त्यांची यात्राच होय.

समाजाच्या यात्रा-संयोजकांना आणि विद्यार्थ्यांना एवढीच विनंती, की प्रत्येक यात्रेत अशा एका वृद्धासाठी एका तरुणाने आपला वेळ राखून ठेवावा. वर्षभर अहोरात्र सेवा करणाऱ्या घरच्या सुनेला किंवा लेकीलाही त्यामुळे चार दिवस मान वर करून यात्रा पाहता येईल.