सेवाग्रामचे पत्र आणि पुलगावचे कोठार

बलाढ्य राष्ट्रांच्या भांडणाविषयी मराठीच्या प्राध्यापकाने काय बोलावे, असे वाचकांस वाटेल. पण मी वर्धा जिल्ह्यात राहतो, आणि जगाच्या सुरक्षिततेचे दोन परस्परविरोधी धडे याच जिल्ह्यात शेजारी-शेजारी मांडलेले आहेत. एक सेवाग्रामला, दुसरा पुलगावला.

गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले ते 1936 साली. आडबाजूचे खेडे ते. पण व्हाइसरॉय लिनलिथगो यांना तेथवर टेलिफोनची तार ओढावी लागली! 23 जुलै 1939 रोजी गांधीजींनी हिटलरला युद्ध टाळण्याची विनंती करणारे पत्र लिहिले, तेव्हा ते होते अबोटाबादेत; पत्रावर पत्ता मात्र वर्ध्याचा. इंग्रज सरकारने ते पुढे जाऊच दिले नाही.

1 जुलै 1942 चे पत्र रूझवेल्ट यांना होते. जपान ब्रह्मदेशापर्यंत येऊन ठेपला होता. सेवाग्रामला राहून गेलेले अमेरिकन पत्रकार लुई फिशर यांच्या हाती हे पत्र दिले. हिटलरला जो 'प्रिय मित्र' हा मायना, तोच रूझवेल्टना. आशय रोखठोक होता: तुम्ही स्वातंत्र्यासाठी लढता म्हणता; पण हिंदुस्थान व आफ्रिका इंग्रजांच्या टाचेखाली आहेत आणि तुमच्या घरी निग्रोंचा प्रश्न आहे, तोवर ही घोषणा पोकळच. मात्र जपानला थोपवण्यासाठी दोस्तांचे सैन्य स्वतंत्र हिंदुस्थानाशी करार करून येथे राहिले तरी चालेल, असेही त्यांनी लिहिले. अहिंसेच्या पुजाऱ्याची ही व्यवहारदृष्टी आपण सोयीस्कर विसरतो.

पत्रलेखन शिकवताना एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पण या पत्रांचा उपयोग काय झाला?" प्रश्न रास्त होता. युद्ध थांबले नाही, उलट अणुबाँब पडला. मी म्हटले, "उत्तर आले नाही म्हणून प्रश्न चुकीचा ठरत नाही, बाई." सुरक्षितता कोणाची, आणि कोणाच्या जिवावर, हाच तो प्रश्न.

तो आजही उभा आहे. मध्यम पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांवर बंदी घालणारा 1987 चा अमेरिका-रशिया करार 2019 मध्ये मोडला. दूर पल्ल्याच्या अण्वस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या 2010 च्या कराराची मुदत 5 फेब्रुवारी 2026 पर्यंतच होती. नऊ राष्ट्रांपाशी मिळून बारा हजारांच्या आसपास अण्वस्त्रे आहेत, त्यांत आपलेही राष्ट्र आहे. अण्वस्त्रबंदीचा करार 2021 पासून अमलात आहे, पण या नवांपैकी एकाचीही त्यावर सही नाही.

आता पुलगाव. तेथे लष्कराचे दारूगोळ्याचे प्रचंड कोठार आहे. 31 मे 2016 च्या पहाटे ते पेटले. दोन अधिकारी आणि आग विझवण्यास धावलेले कित्येक जवान प्राणांस मुकले. शत्रूने एक गोळीही झाडली नव्हती.

म्हणून कोठार रिकामे करा, असे मी म्हणणार नाही. 1962 चा घाव आपल्या पिढीने वडीलधाऱ्यांकडून ऐकला आहे. पण कोठाराला पहारा लागतो, आणि पहारेकऱ्यालाही घरदार असते. सुरक्षिततेचा हिशेब मांडताना बलाढ्य राष्ट्रे बाँब मोजतात. ही माणसे त्या हिशेबात कोठे धरली आहेत, एवढे तरी आपण विचारीत राहिले पाहिजे; आणि पहिल्याने आपल्याच राज्यकर्त्यांना.