रजिस्टरात नाव आहे, पाण्याची गोष्ट नाही

साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचा दाखला झाला. रजिस्टर क्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. शाळेने ते पान जपले. २०१७ पासून हा दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. जनरल रजिस्टर भरणाऱ्या आम्हा शिक्षकांना त्या एका ओळीची किंमत कळते.

पण हा मुलगा बसायला स्वतःचे गोणपाट आणायचा, नळ सोडायला शिपाई नसला तर तहानलेला राहायचा, हे रजिस्टरात कुठे आहे? बाबासाहेबांनी पुढे स्वतः लिहिले म्हणून ते उरले.

१९०१ चा प्रवासही त्यांनीच लिहिला. वडिलांकडे गोरेगावला निघालेली मुले मसूर स्टेशनवर उतरली. जात कळल्यावर गाडीवान मिळेना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, तेही गाडी मुलांनीच हाकायची या अटीवर. रात्री टोलनाका आला. नाकेदार अस्पृश्यांना पाणी देणार नाही, म्हणून गाडीवानाच्या सल्ल्याने भिवाने आपण मुसलमान असल्याचे सांगून चांगल्या उर्दूत पाणी मागितले. उत्तर तुटक आले: पाणी डोंगरावर आहे, जाऊन आणा. उर्दूच्या तासाला मला ही गोष्ट हटकून आठवते.

ज्यांनी लिहिले नाही त्यांचे काय? सांगली भागातील प्रतिसरकारच्या आठवणी कुंडलच्या तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ लाड आणि क्रांतिसिंह नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी पत्रकार पी. साईनाथ यांना सांगितल्या. हौसाताई २०२१ मध्ये गेल्या, कॅप्टन भाऊ २०२२ मध्ये. वेळेत विचारले म्हणून त्या आठवणी आज आपल्याजवळ आहेत.

भगिनींनो, आपल्या घरातल्या बुजुर्गांना “पूर्वी कसं होतं?” असे विचारू नका, “बरं होतं” एवढेच उत्तर येते. दादीला विचारा: पाणी कुठल्या विहिरीचे भरायचात? तिथे कोणाला मनाई होती? वर्गात शेजारी कोण बसायचे? त्यांची परवानगी घेऊन मोबाइलवर आवाज भरा. सुरुवातीला नाव, गाव, तारीख बोला. जुना शाळेचा दाखला, निकाहनामा यांना लॅमिनेशन करू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. आणि वाचता येत नाही म्हणून मोडी किंवा फारसी कागद रद्दीत घालू नका.