पौर्णिमेची रात्र आणि मेळघाटचे पाणवठे

वैशाखातील बुद्धपौर्णिमेस दुपारी अमरावती-अकोल्याकडील निसर्गप्रेमी मंडळी मेळघाटात जमतात. वन कर्मचाऱ्यांच्या सोबतीने ती पाणवठ्यालगतच्या मचाणांवर चढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खाली उतरत नाहीत. वन विभागाच्या या उपक्रमास 'निसर्गानुभव' असे नाव आहे. पूर्वी यालाच प्राणिगणना म्हणत. नावातील हा बदल केवळ शब्दांचा नव्हे.

मेळघाटचे रान पानगळीचे. उन्हाळ्यात साग उघडा पडतो, सिपना, गडगा, डोलार या नद्यांचे प्रवाह रोडावून ठिकठिकाणी डोह तेवढे उरतात. अशा वेळी सांबर, रानगवा, अस्वल, बिबट या सर्वांनाच मोजक्या पाणवठ्यांवर यावे लागते. पौर्णिमेचा उजेड असल्याने बॅटरीवाचून ते दिसतात. वाळलेल्या पाचोळ्यामुळे तर प्राणी दिसण्याआधीच त्याची चाहूल लागते. तिथी निवडण्यामागे एवढा साधा व्यवहार होता.

मात्र या पद्धतीत मोठी उणीव होती. एकच सांबर रात्रीतून दोनदा पाण्यावर आले, तर त्याची नोंद दोनदा होई. पहाटे दुसऱ्या पाणवठ्यावर गेलेला वाघ तेथेही मोजला जाई. याउलट, त्या रात्री पाण्याकडे न फिरकलेला प्राणी हिशेबातच येत नसे. २००६ पासून देशभर दर चार वर्षांनी होणाऱ्या व्याघ्रगणनेत म्हणूनच स्वयंचलित कॅमेऱ्यांचा आधार घेतला जातो. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे निराळे असल्याने छायाचित्रांवरून एकेक वाघ ओळखता येतो. पौर्णिमेनंतर प्रसिद्ध होणारे आकडे त्या रात्रीच्या दर्शनाचे असतात, ती प्राण्यांची एकूण संख्या नव्हे. ग्रामसभेत वा वर्गात ते सांगताना हा भेद स्पष्ट करणे अगत्याचे आहे. गतवर्षीपेक्षा आकडा घटला की शिकार वाढली, अशी आवई उठण्यास वेळ लागत नाही. प्रत्यक्षात एखादा वळवाचा पाऊस पडून रानात जागोजाग पाणी साचलेले असते.

मग मचाणावर बसून काय साधते? १९७३-७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत मेळघाटचा समावेश झाला. अकोला जिल्ह्यातील नरनाळा अभयारण्यही आज याच प्रकल्पाचा भाग आहे. एवढे मोठे रान शेजारी असूनही अनेकांनी ते घाटरस्त्यावरील मोटारीतूनच पाहिलेले असते. मचाणावर बोलणे वर्ज्य, भडक कपडे व अत्तर वर्ज्य, विडी-काडीही वर्ज्य. कारण याच दिवसांत एका ठिणगीने वणवा पेटतो. वाघ दिसेलच याची शाश्वती नसते, आणि बहुतेकांना तो दिसतही नाही. पण भेकराचा इशारा ऐकून सारा पाणवठा क्षणात रिकामा होताना ज्याने पाहिला, त्याची रात्र वाया गेली असे म्हणता येणार नाही. तो क्षणही वेळेसह नोंदीच्या तक्त्यात उतरतो. सकाळी हा तक्ता वन कर्मचाऱ्यांच्या हाती देऊन मंडळी परतवाड्याच्या वाटेला लागतात.