'लैला' : भिंतीच्या आतली गोष्ट आणि बाहेरची माणसे

भविष्यकाळाची मालिका म्हटली की आपल्या पिढीला १९९८ साली दूरदर्शनवर लागणारे 'कॅप्टन व्योम' आठवते. गोष्ट २१२३ सालची होती. याने होती, ग्रह होते, चकाकणारे पोशाख होते. पण त्या काळापर्यंत माणसाची जात गेली की राहिली, हा प्रश्न तेव्हा कोणाला पडल्याचे आठवत नाही. १४ जून २०१९ रोजी नेटफ्लिक्सवर आलेल्या 'लैला' या सहा भागांच्या हिंदी मालिकेने मात्र भविष्याची गोष्ट जातीपासूनच सुरू केली. मालिका येऊन काही वर्षे झाली तरी आपल्या समाजात तिची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. आपली मुले-मुली मोबाईलवर काय पाहतात याचा घरात पत्ता नसतो. ही एक गोष्ट तरी मोठ्या मुलांबरोबर बसून पाहावी आणि पाहून झाल्यावर गप्प बसू नये, असे वाटल्याने हा लेखनप्रपंच.

प्रयाग अकबर यांच्या २०१७ सालच्या इंग्रजी कादंबरीवर ही मालिका आधारलेली आहे. पटकथा ऊर्मी जुवेकर यांची. दिग्दर्शन दीपा मेहता, शंकर रमण व पवन कुमार यांचे. काळ आहे स्वातंत्र्याला शंभर वर्षे झाल्याच्या सुमाराचा. देशाचे नाव आता 'आर्यावर्त'. पाणी आटले आहे, हवा विषारी झाली आहे, शहरात उंच भिंती उभ्या राहून जमातीजमातीच्या वस्त्या वेगळ्या झाल्या आहेत. भिंतीबाहेर कचऱ्याचे डोंगर, आणि त्यांच्या पायथ्याशी 'दूश' म्हणजे दूषित ठरवलेली माणसे. शालिनी (हुमा कुरेशी) ही हिंदू बाई, तिचा नवरा मुसलमान. घर श्रीमंत, इतके की लोक घोटभर पाण्याला तरसत असताना यांच्याकडे पोहण्याचा तलाव. एके दिवशी धटिंगण घरात घुसतात, नवऱ्याला मारतात, तिला पळवून शुद्धीकरणाच्या केंद्रात डांबतात. लहानगी लैला मागे राहते. तिचा शोध म्हणजे ही मालिका.

हिचे पहिले बलस्थान म्हणजे पाणी. पाण्याच्या टंचाईचे चित्रपट पुष्कळ निघाले, पण पाणी हे माणसाला त्याची पायरी दाखवण्याचे हत्यार आहे, हे येथे नेमके पकडले आहे. आपल्याला ते वेगळे सांगायला नको. महाड नगरपालिकेने १९२४ साली ठराव करूनही चवदार तळे आपल्याला बंदच होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी ओंजळीने पाणी घेतले, तर सनातन्यांनी तळे 'बाटले' म्हणून शेण, गोमूत्र, दूध, दही ओतून ते शुद्ध करून घेतले. मालिकेतील शुद्धीकरण केंद्र पाहताना मला ती घागरींची रांगच दिसत होती. आजचे म्हणाल तर आपल्याच ठाणे जिल्ह्याकडे पाहा. तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात. तेथून जाडजूड नळ मुंबईला जातात, आणि त्याच तालुक्यातील गावपाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहत बसतात. त्यासाठी २०४७ साल उजाडण्याची गरज पडली नाही.

हवेचेही तेच. मालिकेत आतल्या लोकांसाठी वस्तीवर घुमट घालून थंड, स्वच्छ हवा देण्याची योजना निघते. त्याची ऊब बाहेरच्या झोपड्यांवर सोडायची! पाहणाऱ्याला हे अतिरंजित वाटेल. पण जानेवारी २०१४ मध्ये डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला, २०२० साली एमआयडीसीतील रस्ता गुलाबी झाला, मे २०१६ आणि मे २०२४ मध्ये तेथील रासायनिक कारखान्यांत स्फोट होऊन माणसे मेली. कल्याणला आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराशेजारी लोकांनी वर्षानुवर्षे संसार केले. त्यामुळे मालिकेतील धूर आपल्याकडच्या प्रेक्षकाच्या नाकाला ओळखीचा लागतो.

एक प्रसंग मात्र अंगावर काटा आणतो. केंद्रातील बायकांना पुरुषांच्या उष्ट्या पत्रावळींवरून लोळायला लावतात. कोणाला वाटेल, लेखकाच्या डोक्यातून निघाले. तसे नाही. कर्नाटकात कुक्के सुब्रमण्य येथे 'मडे स्नान' नावाने ब्राह्मणांच्या उष्ट्यावर लोळण्याची प्रथा होती. डिसेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २०१७ च्या कर्नाटकाच्या अंधश्रद्धाविरोधी कायद्यात त्यावर बंदी आली. भिंतींचेही असेच. तामिळनाडूत उथापुरम येथे दलित वस्तीच्या कडेला १९८९ साली बांधलेल्या भिंतीचा काही भाग २००८ साली पाडावा लागला. मेट्टुपाळयमजवळ २ डिसेंबर २०१९ रोजी, म्हणजे ही मालिका आल्यावर सहाच महिन्यांनी, पावसात एक उंच भिंत दलितांच्या घरांवर कोसळून १७ जण ठार झाले.

परंतु मालिकेचा खरा गाभा लग्नात आहे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी, वयाच्या पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात सांगितले की जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न करण्याने, आणि त्यासाठी सारा पहारा बसतो तो बाईवर. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह ही त्याच पहाऱ्याची रूपे. आर्यावर्तात सरकारच हा पहारा करते. मिश्र लग्नाचे मूल म्हणजे गुन्हा. महाराष्ट्र शासनानेही डिसेंबर २०२२ मध्ये आंतरजातीय व आंतरधर्मीय विवाहितांची माहिती गोळा करणारी समिती नेमली होती. ओरड झाल्यावर दोनच दिवसांत 'आंतरजातीय' शब्द वगळला, 'आंतरधर्मीय' तसाच ठेवला. आणि येथे बोट दुसऱ्याकडे दाखवून आपल्याला सुटता येणार नाही. आपल्या वधू-वर मेळाव्यांत त्रिशरण-पंचशील झाल्यावर चहाच्या वेळी हळूच काय विचारले जाते? कोकणातले की घाटावरचे? पूर्वाश्रमीचे कोण? कल्याण-डोंबिवलीत मेळाव्यांचे काम करताना हे प्रश्न मी इतक्यांदा ऐकले आहेत की, अर्ज छापताना 'मूळ गाव' हा रकानाच काढून टाकावा असे मी कमिटीत सुचवले. ठराव पडला.

आता उणिवा. पहिली आणि मोठी उणीव अशी की, जगबुडी झाली ती कोणाची? शालिनीची. जी बाई तलावात पोहत होती, तिच्यावर संकट कोसळते तेव्हा गोष्ट सुरू होते. भिंतीबाहेरच्या दूश लोकांवर हे संकट आधीपासूनच आहे, पण ते मालिकेत पाठीमागची गर्दी म्हणून वावरतात. त्यांची नावे नाहीत, त्यांचा मोहल्ला आतून कसा चालतो, पोरे शाळेत कोठे जातात, सांजेला कोठे बसून बोलतात, काही दिसत नाही. दिसते ती घाण आणि भूक. दलित वस्ती म्हटली की कॅमेरा गटारापासूनच का सुरू होतो, हे मला आजवर उमगलेले नाही. आपल्या चाळीत पितळेची भांडी चकचकीत घासून फळीवर मांडलेली असतात, भिंतीवर बुद्ध-बाबासाहेबांचे फोटो असतात, पोरीच्या दहावीच्या पुस्तकांना कव्हरे घातलेली असतात.

दुसरे, सपना. ही शालिनीची मोलकरीण. पुढे तीच आर्यावर्तातल्या वरच्या घरात पोहोचते आणि लैलाला स्वतःची मुलगी म्हणून वाढवते. मालिकेतील सर्वांत गुंतागुंतीचे पात्र हेच, आणि तेच अर्धवट सोडले आहे. जिने आयुष्यभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासली, तिला जगबुडीत वर चढण्याची शिडी सापडली. तिच्या मनात काय चालले असेल? आपल्या वस्तीतून घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये कामाला जाणाऱ्या बाया वेगळ्या लिफ्टची, बाजूला ठेवलेल्या कपाची हकिकत सांगतात. त्यांना ही मालिका दाखवली तर त्या शालिनीसाठी रडतील की नाही, याची मला शंका आहे. एका ताईंनी तीन भाग पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, ती पोरगी सपनाकडे बरी होती की!"

तिसरे म्हणजे बंडखोर. भानू (सिद्धार्थ) हा पहारेकरी पुढे विरोधकांना मिळतो, कट शिजतात, स्फोट होतात. पण संघटना कोठे आहे? वाचनालय, पत्रक, सभा, कोर्टातला दावा? चवदार तळ्याचा खटला १९३७ पर्यंत उच्च न्यायालयात लढून जिंकला गेला, दहा वर्षे. अशा चिवट लढाईला मालिकेत जागा नाही, कारण तिच्यात धडाका नाही. शेवटही लोंबकळता ठेवला आहे आणि दुसरा भाग आलेला नाही. हुमा कुरेशीने काम जीव तोडून केले आहे, पण चौथ्या भागापासून पळापळीच फार.

कोणी विचारील, एवढी नावे ठेवता तर पाहायची कशाला? कारण आपल्या पडद्यावर शुद्ध-अशुद्धाला इतक्या उघडपणे राक्षस म्हणून उभे करणाऱ्या मालिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. हिंसा व बायकांचे हाल बरेच असल्याने बारकी पोरे झोपल्यावर लावावी. सहा भाग दोन रविवारांत सहज होतात.