सोळा गोलांचा हिशेब

ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई इथे सामने रंगले. नवी मुंबईतल्या अंतिम सामन्यात स्पेननं कोलंबियाला १-० असं हरवलं. आपल्या मुलींची वाटचाल मात्र भुवनेश्वरलाच संपली. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. सोळा गोल खाल्ले, एकही केला नाही.

'मग हा खटाटोप कशासाठी?' असं मला अनेकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे, पण त्याआधी दोन गोष्टी ध्यानात घ्यायला हव्यात.

पहिली वयाची. या स्पर्धेला १ जानेवारी २००५ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलीच पात्र होत्या. मुळात भारतात विश्वचषक २०२० सालीच व्हायचा होता. करोनामुळे तो आधी लांबला, मग रद्द झाला. त्यासाठी घाम गाळलेल्या २००३-०४ च्या मुली काही चूक नसताना वयातून बाद झाल्या. थोरल्यांच्या संघात संधी हुकली तर पुढच्या खेपेला मिळू शकते. इथे ती पुन्हा येत नाही.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. यजमान म्हणून आपल्याला थेट जागा मिळाली होती, पात्रता फेरीतून तावूनसुलाखून निघण्याची वेळच आली नाही. त्यात ऑगस्ट २०२२ मध्ये 'फिफा'नं भारतीय महासंघाला निलंबित केलं. स्पर्धा हातची जाते की काय, अशी टांगणी लागली. महिना संपण्याआधी निलंबन उठलं, पण मुलींच्या मनाचा विचार कोणी केला?

तरी मोरोक्कोविरुद्ध मध्यंतरापर्यंत आपण गोल होऊ दिला नव्हता, हेही विसरू नये.

आता पुढचं पान पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालील मुलींनी यांगूनमध्ये म्यानमारला १-० असं नमवून तब्बल वीस वर्षांनी आशियाई स्पर्धेत स्थान मिळवलं. ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील संघ बिश्केकला उझबेकिस्तानविरुद्ध एका गोलनं मागे पडला होता. त्यानं सामना २-१ असा जिंकला आणि २०२६ च्या आशियाई स्पर्धेचं दार उघडलं. या वेळी जागा कोणी बहाल केली नव्हती, मैदानावर कमावली होती.

म्हणून मला वाटतं, यजमानपद मिरवण्यापेक्षा मुलींना वर्षभर सामने मिळणं महत्त्वाचं. बारा-तेराव्या वर्षी पायाशी चेंडू नसेल, तर सतराव्या वर्षी गोल कुठून येणार? आपल्या गावच्या मैदानावर संध्याकाळी किती मुली खेळतात, ते एकदा मोजून पाहा.